‘फिट’ असणं ही परीक्षा कधीपासून झाली?



गेल्या सात-आठ वर्षांत माझ्याकडे एक नवीन प्रकारचा पेशंट येऊ लागला आहे. त्याला ताप नाही, खोकला नाही, काही दुखत नाही. वय तीस-पस्तीस. बरेचदा पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम रत्नागिरीत घरी बसून करणारा. तो समोर बसतो आणि म्हणतो, “डॉक्टर, तसा मी ठीक आहे, पण मला ऑप्टिमाइझ करायचंय.” मनगटावर घड्याळ, कधी दंडावर साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेला, आणि मोबाइलमध्ये झोपेचे गुण. काल बहात्तर मिळाले, आज एकसष्टच का, हा त्याचा प्रश्न असतो.

मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा ‘बरं असणं’ म्हणजे डॉक्टरकडे जावं न लागणं, एवढीच व्याख्या होती. आता बरं असणं पुरेसं राहिलेलं नाही. हे कुठून आलं? अमेरिकेतून आलं, असं उत्तर तुमच्या ओठांवर असेल. ते अर्धंच खरं आहे. शरीर कमावण्याचा, त्याची शिस्त लावण्याचा आणि त्यावरून माणसाची किंमत ठरवण्याचा आपला स्वतःचा इतिहासही काही छोटा नाही.

फार मागे जायचं तर आयुर्वेदाच्या संहितांपासून सुरुवात करावी लागेल. दिनचर्या हा तिथला स्वतंत्र विषय आहे. पण मला त्यातली एकच गोष्ट इथे सांगायची आहे, कारण ती आजकाल कुणी सांगत नाही. व्यायाम आपल्या ताकदीच्या निम्मा करावा, असं सुश्रुत आणि वाग्भट दोघंही सांगतात. निम्मा झाला हे ओळखायचं कसं, तर कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबायचं. अति करणाऱ्यासाठी वाग्भटांनी सिंहाची उपमा दिली आहे: हत्तीला ओढायला जाणारा सिंह स्वतःच संपतो. आयुर्वेदाचं नाव छापून ‘स्टॅमिना’ विकणाऱ्या डब्यांवर हा सिंह कधी दिसत नाही.

उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नव्याने उभा केला, हे तुम्ही शाळेत ऐकलं असेल. आपल्या विषयाची खरी सुरुवात मात्र इंग्रजी अमदानीत होते. पराभूत समाजाला आपलं शरीर दुबळं वाटू लागलं होतं आणि सुशिक्षित तरुणांना ते जास्त बोचत होतं. इथे आपल्याच गावच्या माणसाचं उदाहरण घेतो. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ चा, रत्नागिरीचा. डेक्कन कॉलेजात गेल्यावर आपली प्रकृती किरकोळ आहे हे त्यांना खटकलं आणि पहिलं वर्ष त्यांनी जवळजवळ पूर्ण व्यायामाला दिलं. परीक्षेत नापास झाले, पण शरीर कमावलं. ही गोष्ट आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो.

तिचा पुढचा भाग सहसा सांगत नाही. मंडालेच्या तुरुंगात गेले तेव्हा टिळक बावन्न वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेह होता. तिथे पथ्याचं खाऊन त्यांनी दिवस काढले. इन्सुलिनचा शोध १९२१ मधला, टिळक गेले १९२० मध्ये. सतराव्या वर्षी कमावलेल्या शरीराने मधुमेह अडवला नाही. यात त्या व्यायामाला कमी लेखण्याचं कारण नाही. त्या शरीरानेच पुढचे कष्ट सोसले, असं म्हणता येईल. मी हे सांगतो ते “डॉक्टर, मी कॉलेजात असताना रोज दोनशे जोर मारायचो” असं म्हणून शुगर तपासायचं टाळणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांसाठी. असे गृहस्थ आठवड्याला दोन तरी येतात.

त्यानंतरची पन्नास वर्षं महाराष्ट्रात व्यायामाची लाटच आली. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केलं. त्याच साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभं केलं. एक डॉक्टर म्हणून मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे शेवटचं काम. नौली करताना पोटात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं, आतड्यातला दाब मोजला आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. “आपल्या ऋषींनी सांगितलंय” एवढ्यावर ते थांबले नाहीत. शंभर वर्षांपूर्वीची ती सवय आजच्या योगाच्या जाहिरातींनी उचलली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

आणि औंध! सातारा भागातलं हे छोटं संस्थान. तिथले राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी आधी युजेन सँडो या युरोपीय बलवानाच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि इतके रमले की संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सुरू झाले. १९३८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी ते संपादित केलं होतं आणि नाव होतं ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’. नाव पुन्हा एकदा वाचा. आज यूट्यूबवर ‘निरोगी राहण्याचे दहा मार्ग’ दिसतात, त्यांचा साचा औंधच्या राजेसाहेबांकडे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच तयार होता. अस्सल देशी म्हणून आपण जे मिरवतो त्याच्या शेजारी सँडो उभा होता, हेही लक्षात असू द्या. देशी-विदेशी असे स्वच्छ कप्पे आरोग्याच्या इतिहासात सापडत नाहीत.

त्या सगळ्या चळवळीला एक उत्तर ठाऊक होतं: शरीर कशासाठी? देशासाठी. या उत्तरात दोष होते. बायका, अपंग, म्हातारे यांना त्या आखाड्यात फारशी जागा नव्हती (औंधच्या राजांनी बायका-मुलांनाही नमस्कार घालायला सांगितलं, हा त्यातला चांगला अपवाद), आणि दुबळा म्हणजे कमी प्रतीचा, अशी एक छटाही होती. पण व्यायाम फुकट होता, चारचौघांत होता आणि रोजच्या रोज गुण देत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ‘कशासाठी’चं उत्तर बदललं. १९४८ मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने म्हटलं की आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याची संपूर्ण अवस्था. हेतू उदात्त होता. पण ‘संपूर्ण’ हा शब्द फसवा आहे, कारण त्या मापाने तुम्ही-आम्ही सगळेच अपुरे. १९५९ च्या सुमाराला हॅल्बर्ट डन या अमेरिकी डॉक्टरांनी ‘हाय-लेव्हल वेलनेस’ ही कल्पना मांडली: रोग नसलेला माणूसही आणखी वर चढू शकतो. आमचा तो ‘ऑप्टिमाइझ’वाला तरुण वैचारिकदृष्ट्या डन साहेबांचा नातू आहे.

त्याच काळात एक फार साधं आणि फार महत्त्वाचं काम झालं. लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. ते कंडक्टर व्यायाम करत नव्हते, तिकिटं फाडत होते. आपल्याकडच्या पाखाड्या आठवा. घर वर, विहीर खाली, देऊळ आणखी खाली. आजीने आयुष्यभर हंडे वाहिले, तिला कुणी फिटनेस म्हटलं नाही. आता दारात बोअरिंग आहे, स्कूटर आहे, आणि नात जिममध्ये पायऱ्यांच्या यंत्रावर चढते. चांगलंच आहे, हंडे वाहण्यात काही काव्य नव्हतं. आजीचे गुडघे मी पाहिले आहेत.

दहा हजार पावलांचं काय, असं तुम्ही विचाराल. तो आकडा वैद्यकातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या ‘मानपो-केई’ या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मापक’ असा आहे. अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही, २,७०० चालणाऱ्यांच्या मानाने, मृत्यूचं प्रमाण स्पष्ट कमी होतं आणि ७,५०० च्या आसपास फायदा स्थिरावला. म्हणून रात्री साडेदहाला उरलेली बाराशे पावलं भरण्यासाठी हॉलमध्ये येरझारा घालणाऱ्यांना माझी विनंती आहे, झोपा.

मोजमापाच्या मी विरोधात आहे असं समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम मोजमापाचंच आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुणे परिसरातल्या खेड्यांतली नवजात बाळंही त्यांच्या गटाने मोजली: सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. म्हणजे आपल्यातला बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असेलच असं नाही, आणि याची मुळं आईच्या पोषणापर्यंत जातात. ‘हाय परफॉर्मन्स’च्या कोणत्याही कोर्समध्ये गरोदर बाईच्या ताटाचा धडा मला अजून दिसलेला नाही.

याच मातीत २०१८ च्या आसपास घराघरांत तो वाद पेटला: दिवसातून दोनदाच खा म्हणणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित, की थोडं-थोडं वारंवार खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर? लग्नाच्या पंगतीत लोक यावर भांडत होते. मी कुणाची बाजू घेतली नाही आणि आजही घेत नाही. माझं निरीक्षण एवढंच की दोन्हीकडचे जे पेशंट गोड आणि चिवडा-फरसाण सोडून चालायला लागले, त्यांचा फायदा झाला. आणि इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना ज्यांनी मनानेच जेवणं कमी केली, त्यांना घाम फुटून चक्कर आलेली मी पाहिली. मधुमेहाची औषधं घेत असाल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. ही औपचारिक सूचना नाही.

आता ‘कशासाठी’ या प्रश्नाचं आजचं उत्तर बघा. पूर्वी शरीर देशासाठी होतं, आज बरेचदा ते कामाच्या टार्गेटसाठी आहे. बारा तास स्क्रीनसमोर बसवायचं आणि त्यातून झोप उडाली की झोपेचं ॲप विकायचं, यात माणसाचा कारभार कमी आणि धंद्याचा जास्त आहे. निरोगी माणसाची साखर भात-आमटीनंतर थोडी वर जाते आणि आपोआप खाली येते. सेन्सरवर ती रेघ वर गेलेली पाहून पेज सोडणारा तरुण मी पाहिला आहे. पेज आजारी माणसाला देतात हो, आजार म्हणून नाही! जिममध्ये मिळणाऱ्या बिननावाच्या इंजेक्शनांचं तर बोलायलाच नको. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असंही नाही: कोरोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मुंबईच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले.

याच्या दुसऱ्या टोकाला आयसीएमआरचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. यातले कित्येक जण कधी तपासलेच गेलेले नाहीत. मला राग येतो तो इथे. एकाच घरात मुलाच्या प्रोटीन पावडरीवर महिन्याला तीन हजार जातात आणि आईचं हिमोग्लोबिन आठ असतं, आजी रोज सकाळी मिश्री लावते आणि तिच्या तोंडात डोकावून कुणी पाहिलेलं नसतं. तिघांना मिळून लागतं ते फार थोडं आहे. तिशीनंतर वर्षातून एकदा बीपी आणि शुगर. कंबरेला टेप: पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत, बायकांना ८०. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. सूर्यनमस्कार, जोर, बैठका काहीही चालेल, गुडघे धरत असतील तर खुर्चीवरून उठ-बस. तंबाखू बंद, आणि त्यात मिश्री आली.

एक काम मात्र तारीख बघून करायचं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याच्या बोटींवर वर्षभर जाणारे तांडेल आणि खलाशी एरवी दवाखान्यात सापडत नाहीत. बीपी १८० असतं, आणि गोळ्या संपल्या तेव्हा ते समुद्रात असतात. तुमच्या घरात, वाडीत किंवा तुमच्या बोटीवर असं कुणी असेल तर या दोन महिन्यांत त्यांना तपासून घ्या. बीपीचं निदान झालं तर ऑगस्टला बोट सुटायच्या आधी तीन महिन्यांच्या गोळ्या पाणी न शिरणाऱ्या डबीत भरून द्या आणि वर वेळ लिहून चिठ्ठी चिकटवा. खलाशी नेपाळी असेल तर त्याच्याकडूनच त्याच्या भाषेत लिहून घ्या. लिपी आपलीच आहे, तांडेलालाही वाचता येईल.