परवाना कोणाचा?

मालवणच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. त्या काळी अरबी समुद्रात व्यापारी गलबत हाकारायचे तर पोर्तुगीजांचे 'कार्ताझ', म्हणजे परवाना, घ्यावा लागे. समुद्र आपला, गलबत आपले, माल आपला. परवाना मात्र परक्याचा! हे शल्य ज्यांना बोचले, त्यांनीच आरमार उभारले.

आज त्याच किनाऱ्यावरील मच्छीमाराच्या हाती स्पर्शपडद्याचा मोबाइल आहे. वाऱ्याचा अंदाज, मासळीचा भाव, पैशांची देवघेव, सारे त्यावरच. परंतु तो ज्या कार्यप्रणालीवर चालतो, ती गुगलची अँड्रॉइड वा ॲपलची आयओएस. ॲप लोकांपर्यंत कसे पोहोचावे, याचे नियमही प्रामुख्याने याच दोन अमेरिकी कंपन्या ठरवतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो या मक्तेदारीच्या गैरवापराबद्दलच. २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादताच चीनच्या हुआवेईच्या नव्या फोनमधून गुगलच्या सेवा गेल्या. हुआवेईने त्याच वर्षी 'हार्मनी' प्रणाली जाहीर केली आणि २०२४ मध्ये तिच्या नव्या आवृत्तीत अँड्रॉइडचा आधारही सोडला.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांची 'इंडस' प्रणाली २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनवर मराठीसह अनेक भारतीय भाषा घेऊन आली. पुढे चिनी फोनांनी बाजार व्यापला, देशी फोन कंपन्या मागे पडल्या आणि इंडसचा आधारच खचला. २०२२ मध्ये ती फोनपेकडे गेली. त्या फोनपेची मोठी मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टची!

जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आयआयटीच्या आश्रयाने 'भारओएस' आली. तिचा पाया अँड्रॉइडच्या खुल्या संहितेचा, म्हणून काहींनी नाके मुरडली. ते योग्य नव्हे. आरमाराच्या प्रारंभी कल्याण-भिवंडीस महाराजांनीही पोर्तुगीज कारागीर कामास लावले होते. ते निघून गेले, तरी जहाजबांधणी थांबली नाही. उसना पाया हा दोष नाही. त्यावर स्वतःची विद्या न उभारणे हा दोष आहे.

प्रणालीची सुरक्षा वर्षानुवर्षे सांभाळणारे अभियंते, तिच्यासाठी ॲप घडवणारे तरुण, ती स्वीकारणारे फोन-उत्पादक आणि प्रारंभीच्या उणिवा सोसणारा ग्राहक, या चौघांवाचून स्वदेशी प्रणाली म्हणजे केवळ नाव. नुसते निशाण बदलल्याने गलबत आपले होत नाही. गोदीही आपलीच लागते.