वेळ कोणाच्या मालकीचा?

शिक्षण अर्धवट टाकून संसारात पडलेली माणसे तिशी-चाळिशीत पुन्हा महाविद्यालयाची पायरी चढू लागली, की त्यांना पहिला उपदेश ऐकावा लागतो तो वेळेच्या नियोजनाचा. पहाटे उठा, वेळापत्रक आखा, कामांचा अग्रक्रम ठरवा, आळस झटका! हा उपदेश वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु दिवसाचे चोवीस तास प्रत्येकाच्या स्वतःच्या मालकीचे असतात, हे त्यामागचे गृहीत आहे, आणि ते साफ खोटे आहे.

डहाणू तालुक्यातील रानशेतसारख्या गावातील एखाद्या वारली स्त्रीने बारावीनंतर दहा वर्षांनी पदवीसाठी नाव नोंदविले, असे समजा. पाऊस पडताच भाताची आवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि झोडणी. ती उरकली, की या पट्ट्यातील अनेक कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गावी असली तरी पाणी, सरपण, चूल आणि मूल यांतून तिची सुटका नाही. कोंबडा आरवण्यापूर्वीच उठणाऱ्या या स्त्रीने आळस झटकायचा तो कोणता? १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' नेण्याचा संकल्प सोडला. त्या कार्याचे मोल कोणी कमी लेखू नये. पण घरालाच सहा-सहा महिने कुलूप असेल, तर या गंगेने जावे कोठे?

वेळेचे राजकारण या भूमीला नवे नाही. जमीनदाराची वेठ म्हणजे दुसरे काय होते? स्वतःचे शेत आवणीवाचून पडले असता आदिवासीने मालकाच्या शेतात फुकट राबावे, हाच तिचा अर्थ. लग्नासाठी कर्ज काढणारा 'लग्नगडी' तर आपले आयुष्यच गहाण टाकी. मे १९४५ मध्ये झरी येथे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली एकत्र आले. त्यांनी वेठ नाकारली आणि रोजी बारा आणे मजुरी मागितली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. स्वतःच्या दिवसावर स्वतःचा हक्क, हाच त्या लढ्याचा एक गाभा होता.

खऱ्या शिक्षणसुधारकांनीही हे ओळखले होते. दिवसभर राबणाऱ्यांसाठी फुले दांपत्याने १८५५ साली रात्रशाळा काढली. याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुराख्यांच्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. गुरे सोडून वेळेवर शाळेत या, असे त्यांनी त्या मुलांना बजावले नाही. शिकणाऱ्याच्या वेळेला शाळा वाकली.

आज नेमके उलट घडत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. एका हाताने कामगाराची संध्याकाळ काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याला 'आजीवन शिक्षणा'चे माहितीपत्रक द्यायचे, असा हा न्याय आहे!

मग शिस्त नको काय? अवश्य हवी. अर्ज, शुल्क, परीक्षा यांच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवणे, रोज थोडे तरी वाचणे, यांवाचून पदवी मिळत नाही. पण शिस्त ही हाती असलेल्या वेळेलाच लावता येते. हिरावलेला वेळ तिने परत येत नाही. तो मागूनच घ्यावा लागतो. सत्रे व परीक्षा शेतीचा हंगाम पाहून ठरवाव्यात, वीटभट्ट्यांच्या परिसरात परीक्षाकेंद्र द्यावे, नोकरदार विद्यार्थ्याला परीक्षेसाठी भरपगारी रजा मिळावी, अभ्यासकेंद्राशेजारी पाळणाघर असावे. या मागण्या अवाजवी नाहीत.

आणि कार्यकर्त्यांनी शासनाची वाट पाहत बसू नये. पाड्यावर पुन्हा शिकू पाहणारे कोण आहेत, याची यादी करावी. त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बसवावे. त्या संध्याकाळी त्यांची मुले कोणी सांभाळायची, तेही आधीच ठरवावे. एकट्या बाईला जे वेळापत्रक पेलत नाही, ते दहा घरांनी मिळून आखले तर पेलते. वेळेचे खरे नियोजन ते हेच, आणि त्याला जुने नाव आहे: संघटना.