ओळखीची चिठ्ठी देताना

बेळगाव-निपाणी भागातल्या अनेक घरांत आता गृहपाठ आणि निकाल मोबाईलवर येतात. नवे ॲप उघडले की ‘गूगल खात्याने प्रवेश करा’ असे बटण दिसते. ही सोय चांगलीच आहे. आपला पासवर्ड त्या ॲपला कळत नाही. गूगल फक्त आपल्या ओळखीची चिठ्ठी देते.

पण चिठ्ठीत काय लिहिले आहे, हे आपण वाचतो का? फेसबुकच्या खात्याने चालणारे प्रश्नावलीचे एक ॲप भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते. त्यातून ५,६२,४५५ भारतीयांची माहिती गेली असावी, असे फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितले. होकार थोड्यांचा आणि माहिती गेली त्यांच्या मित्रांची!

२०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती : शाळेसाठी कोणतेही ॲप घेताना नाव व ईमेलपलीकडे काही मागू देऊ नये. ज्या पालकांचे गूगल खाते नाही, त्यांच्यासाठी हजेरी क्रमांक व पासवर्डाची साधी वाटही ठेवावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, घरच्या मोबाईलवर होकाराचे बटण दाबण्यापूर्वी आई-वडिलांना जरूर विचारा.