राखीव जागा आहेत. नकाराचा अधिकार कोठे आहे?

संविधानाने आदिवासींना सर्व काही दिले आहे, आता आणखी कोणती मान्यता हवी, असा प्रश्न सत्ताधारी वर्ग नेहमीच विचारीत आला आहे. दुर्दैवाने पुरोगामी वर्तुळांतही तो अधूनमधून ऐकू येतो. लोकसभेच्या ५४३ पैकी ४७ आणि महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, हा आकडा मग पुरावा म्हणून पुढे केला जातो. परंतु जागा मोजल्याने सत्ता मोजली जात नाही.

१९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी बजावले होते की, आदिवासींना लोकशाही शिकविण्याचा कोणी आव आणू नये. ती त्यांच्याकडूनच शिकावी. ‘आदिवासी’ हाच शब्द स्वीकारला जावा, हाही त्यांचा आग्रह होता. संविधानात आली ती मात्र ‘अनुसूचित जमाती’. फरक केवळ शब्दाचा नव्हे. ‘आदिवासी’ या शब्दात भूमीवरील पूर्वापार हक्काचा दावा आहे. ‘अनुसूचित’ म्हणजे सरकारने केलेली नोंद.

राखीव मतदारसंघातील उमेदवार कोण ठरवितो? पक्षश्रेष्ठी! निवडून आल्यावर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. आदिवासींची जमीन घेणारे विधेयक आले, तर आदिवासी प्रतिनिधीने हात वर करावा तो कोणाच्या सांगण्यावरून?

पाचव्या अनुसूचीतील जनजाती सल्लागार परिषदेची कथा निराळी नाही. जास्तीत जास्त २० सदस्यांच्या या परिषदेत सुमारे तीन-चतुर्थांश सदस्य विधानसभेतील आदिवासी आमदार असतात. तिने सल्ला द्यायचा तोही राज्यपाल जे विषय सोपवतील त्यांवरच. विचारल्यावाचून बोलायचे नाही आणि बोललेले ऐकण्याचे बंधन कोणावर नाही, असे हे प्रतिनिधित्व आहे!

१९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने ग्रामसभेला प्रतिष्ठा दिली खरी. पण भूसंपादनाच्या बाबतीत तिच्याशी अथवा पंचायतीशी केवळ सल्लामसलत करण्याचेच बंधन घातले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत पूर्वसंमती आवश्यक ठरविली; मात्र १९५७ चा कोळसा क्षेत्र संपादन कायदा त्यातून वगळला. जेथे भूमीखाली संपत्ती आहे, नेमकी तेथेच संमती अनावश्यक ठरली.

संमतीचा अधिकार खरोखर हाती आला की काय घडते, हे ओडिशातील नियमगिरीने दाखविले. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानुसार डोंगरावरच्या १२ गावांत ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. डोंगर वाचला तो संसदेतील भाषणांनी नव्हे, गावाच्या नकाराने.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. स्वतंत्र मान्यतेने राष्ट्रीय ऐक्याला तडा जाईल, हा पहिला. ज्यांच्या संमतीवाचून धरणे, खाणी आणि अभयारण्ये उभी राहिली, त्यांनाच ऐक्याचे धडे देणे हा ढोंगीपणा होय. दुसरा आक्षेप डाव्यांचाच आहे : आदिवासी हा शेवटी शेतमजूरच, तेव्हा वर्गलढा पुरेसा आहे. १९४५ चा वारली उठाव वेठबिगारीविरुद्धचा वर्गलढा होता, हे निर्विवाद. पण वेठ संपल्यावरही जंगल खात्याच्याच ताब्यात राहिले, हे विसरून कसे चालेल? मजुरीचा प्रश्न आणि भूमीवरील सामूहिक हक्काचा प्रश्न एकमेकांत विरघळत नाहीत. दोन्ही एकत्रच लढावे लागतात.

राखीव जागांची सध्याची मुदत जानेवारी २०३० मध्ये संपते. ती वाढविण्याची चर्चा होईल, आणि ती वाढलीच पाहिजे. परंतु समाजवादी कार्यकर्त्यांनी तेवढ्यावर समाधान मानणे ही चळवळीची फसवणूक ठरेल. जमीन, जंगल आणि खनिज यांबाबत ग्रामसभेचा नकार अंतिम राहील, अशी स्पष्ट तरतूद पाचव्या अनुसूचीतच झाली पाहिजे. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘होय’ला लोकशाहीत काही किंमत नसते.