कॉम्प्युटर चालू होत नाही? लगेच कल्याण गाठू नका

शहापूर-मुरबाडच्या अनेक दुकानांत १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यापासून हिशेबाची वही जाऊन कॉम्प्युटर आला. महिन्याची २० तारीख तोंडावर आहे, बटण दाबले आणि मशीन मुके! उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये दंड. मग दुकानदार डबा उचलून शहापूरचा असेल तर आसनगावहून लोकलने, मुरबाडचा असेल तर एसटीने कल्याण गाठतो. तिथे ‘मदरबोर्ड गेला’ असे ऐकतो आणि पैसे मोजून परततो. आमचे स्पष्ट मत असे, की यांतल्या बऱ्याच फेऱ्या फुकटच्या असतात.

गेल्या पावसाळ्यात आम्हीही फसलो. नवी पॉवर सप्लाय घेतली, दोष निघाला सैल वायरचा!

म्हणून बंधूंनो, आधी त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का पाहा. डब्यामागचा छोटा स्विच पाहा. मॉनिटरची वायर बहुधा डब्यालाही बसते, ती लावून पाहा. तरीही नाही, तर वायर काढून चालूचे बटण वीस सेकंद दाबून धरा आणि पुन्हा जोडा. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर दोष बहुधा विजेचा नाही. वायर काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, सोनेरी कडा खोडरबराने पुसा, घट्ट बसवा. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही आत तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले असू शकतात.

एवढे करूनही मशीन ढिम्म असेल, तर कारागिराला आपल्यासमोर दुसरी पॉवर सप्लाय लावून दाखवायला सांगा. ती मदरबोर्डपेक्षा बरीच स्वस्त पडते. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या आपल्या पोरांनी हे काम शिकले, तर गिऱ्हाईक गावातच आहे.

डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. वीज कडाडताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा, इंटरनेटची वायरही.

आणि मशीन बंद पडले म्हणजे हिशेब गेला, असे नाही. तो हार्डडिस्कवर असतो. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडता येते. ‘फॉरमॅट मारतो’ म्हणणाऱ्याला आधी हिशेबाची नक्कल काढून द्यायला लावा.