वाचक 'प्रगल्भ' होतो म्हणजे काय?

लोकप्रिय कादंबरीविषयीचे वाचकाचे मत कालांतराने बदलले, की आपल्या समीक्षाव्यवहारात त्याचे एक ठरीव स्पष्टीकरण दिले जाते : वाचक प्रगल्भ झाला. हे स्पष्टीकरण इतके सोयीचे आहे, की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. त्यात वाचकाचा गौरव आहे, अभिरुचीच्या चढत्या श्रेणीवरील श्रद्धा आहे आणि लोकप्रिय कृती न वाचताच तिला निकालात काढण्याची मुभाही आहे. हे स्पष्टीकरण केवळ अपुरे नाही. ते समीक्षेला तिच्या मुख्य कामापासून, म्हणजे संहितेच्या वाचनापासून, परावृत्त करणारे आहे.

सुझॅन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' या डिस्टोपियन मालिकेचे उदाहरण घेऊ. तिचे मूळ तीन भाग 2008, 2009 आणि 2010 या वर्षांत आले. पूर्वकथा सांगणारे आणखी दोन भाग 2020 आणि 2025 मध्ये आले. कॅपिटल ही राजधानी बारा अंकित डिस्ट्रिक्टांतून दरवर्षी 12 ते 18 वयाचा एकेक मुलगा आणि एकेक मुलगी उचलते, त्या 24 जणांना रिंगणात सोडते आणि एकच जण उरेपर्यंत चालणारी त्यांची परस्परहत्या साऱ्या देशाला दूरचित्रवाणीवर दाखवते. पहिल्या भागावर लुब्ध झालेल्या अनेक वाचकांना 'मॉकिंगजे' हा तिसरा भाग त्या वेळी रटाळ आणि विस्कळीत वाटला. आज त्याच भागाला मालिकेतील सर्वांत प्रामाणिक भाग मानणारे वाचक कमी नाहीत. मधल्या काळात वाचकाचे वय वाढले, हे खरेच. परंतु वय वाढल्याने सगळीच पुस्तके उजळत नाहीत. मग हेच का उजळले?

उत्तर कथनरीतीत आहे. पहिला भाग सोळा वर्षांची कॅटनिस प्रथमपुरुषी वर्तमानकाळात सांगते. त्यामुळे ती जगेल की मरेल याची खात्री वाचकाला नसते आणि प्रत्येक मृत्यू त्याच्यासाठी उत्कंठेचा एक टप्पा होतो. रिंगणात कॅटनिसने पीटाचे चुंबन घेताच बाहेरून गरम रश्श्याचे भांडे येते. प्रेक्षकांना प्रेमकथा हवी आहे, हे ती ओळखते. वाचकालाही तीच हवी असते. येथे कॅपिटलच्या प्रेक्षकाची आणि कादंबरीच्या वाचकाची अपेक्षा एकच होते. तिसरा भाग ही अपेक्षा मोडतो. रिंगण नाहीसे होते. जखमी, औषधांच्या गुंगीतली नायिका बंडखोरांच्या प्रचारपटांसाठी वापरली जाते. तिची बहीण प्रिम बॉम्बस्फोटात मरते आणि संशय बंडखोरांच्या अध्यक्ष कॉइन यांच्यावर येतो. कॅपिटलच्या मुलांना रिंगणात उतरवण्याचा कॉइन यांचा प्रस्ताव येतो, त्याला कॅटनिस होकार देते आणि पुढे स्नोसाठी नेमलेला बाण कॉइन यांना मारते. 2010 च्या वाचकाचा विरस हा खेळ हिरावला गेलेल्या प्रेक्षकाचा विरस होता. तो विरस अपरिपक्वतेचा पुरावा नव्हे. कृतीने वाचकाकडून काढून घेतलेली ती कबुली होय.

नंतरच्या दोन भागांनी हा मुद्दा अधिक धारदार केला. 2020 च्या भागात दहाव्या खेळांकडे लोक पाठ फिरवू लागले आहेत. प्रेक्षकांनी पैजा लावाव्यात, स्पर्धकांना अन्न पाठवावे, ही कल्पना तरुण स्नो मांडतो. म्हणजे पहिल्या भागातील त्या रश्श्याच्या भांड्यामागे प्रेक्षकाला गुंतवण्याची राजकीय योजना होती, हे वाचकाला बारा वर्षांनी कळते. 2009 च्या भागात कॅटनिस आणि पीटा हेमिचच्या जुन्या खेळाची चित्रफीत पाहतात. ती सोयीस्कर काटछाट केलेली होती, हे 2025 चा भाग दाखवतो. वाचकाचे जुने ज्ञान येथे कृतीच रद्द करते. लेखिकेच्या मनात 2009 साली हे होते काय, हा प्रश्न गौण आहे. छापील संहितांमधील संबंध आपल्यासमोर आहे आणि तो तपासता येतो.

यावर याऊसचे 'अपेक्षाक्षितिज' पुढे केले जाईल. परंतु 1967 साली त्याने मांडलेली ही संकल्पना वाचकाच्या आत्मचरित्राची नव्हती. वाङ्मयप्रकार, रूप आणि आधीच्या कृतींतून परिचित झालेले विषय यांतून ते क्षितिज घडते. म्हणूनच ते वस्तुनिष्ठपणे शोधता येते असा त्याचा दावा होता. आपल्याकडे मात्र ती संकल्पना 'ज्याचे त्याचे वाचन' एवढ्या सौम्य सहिष्णुतेवर आणून ठेवली गेली. अशी सहिष्णुता मूल्यनिर्णयाची जबाबदारी टाळते आणि त्याला सिद्धान्ताचे नाव देते.

नंतरचे मत नंतरचे आहे म्हणून ते बरोबर ठरते, असेही नव्हे. 2013 मध्ये याच मालिकेच्या चित्रपटानिमित्त कॅपिटलच्या नावाने सौंदर्यप्रसाधने बाजारात आली. थायलंडमध्ये 2014 च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी याच मालिकेतील तीन बोटांची सलामी उचलली; 2021 मध्ये ती म्यानमारच्या रस्त्यांवर दिसली. एकाच कृतीतून कॅपिटलची रंगभूषा घेणारा आणि तिच्यातून प्रतिकाराची खूण घेणारा, असे दोन्ही वाचक निर्माण झाले. त्यांच्यातील फरक वयाच्या पायऱ्यांनी कसा मोजणार?

'मी प्रगल्भ झालो' या विधानात एक सूट दडलेली असते. रिंगणाकडे डोळे लावून बसलेला तो कोणी दुसराच, अजाण वाचक होता, असे म्हणून आजचा वाचक स्वतःला प्रेक्षागृहाबाहेर काढून घेतो. ही मालिका नेमकी हीच सूट नाकारते. आणि प्रगल्भतेचा सिद्धान्त ती पुन्हा बहाल करतो. विद्यार्थ्यांना आपल्या पहिल्या वाचनाची लाज वाटायला शिकवणारी समीक्षा एक महत्त्वाचा पुरावा नष्ट करत असते. पहिले मत कोणत्या वाक्यरचनेने, कोणत्या काळाच्या योजनेने, कोणत्या दडवणुकीने घडवले आणि दुसऱ्या मताने त्यातले नेमके काय मोडले, हे दाखवता आले तरच मतबदलाची चर्चा समीक्षा ठरेल. एरवी ती वाचकाने स्वतःला दिलेली शाबासकी असते.