कपाटाची किल्ली मुलांकडे द्या

मुलांच्या मनःस्वास्थ्याचा विषय निघाला की समुपदेशकाची मागणी होते. ग्रंथालयाचे नाव घेतले तर विचारतात, पुस्तकांनी का मन बरे होते? आक्षेपात तथ्य आहे. नैराश्याने घेरलेल्या मुलाला गोष्टीचे पुस्तक देऊन घरी धाडणे घोर चूक ठरेल. त्याला डॉक्टर हवा, टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठाऊक हवा. पण परभणी जिल्ह्याच्या पाथरी तालुक्यातल्या खेड्यांत शाळेगणिक समुपदेशक लवकर येणार नाही, आणि आला तरी बहुतेक मुले त्रास विकोपाला गेल्यावरच त्याच्यापर्यंत पोचतील. तोवर भीती, लाज, घरच्या कर्जाची काळजी मूल मनातच दाबून ठेवते. वर्गात त्याला सतत उत्तरे द्यावी लागतात. ग्रंथालयात कुणी काही विचारत नाही. गोष्टीतला बाप कर्जात बुडालेला असला, तर स्वतःच्या घराबद्दल चकार शब्द न काढताही मूल घराचा विचार करू शकते. पुढे समुपदेशकापुढे बोलायला लागणारे शब्दही त्याला इथेच मिळतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त करण्याची अपेक्षा ठेवते. त्याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय बंधनकारक आहे. समग्र शिक्षा योजनेत पुस्तकांसाठी अनुदानही आहे. तरी अनेक शाळांत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असते, कारण पुस्तक हरवले तर भरपाई आपल्याच खिशातून जाईल ही शिक्षकाची धास्ती. ती खोटी नाही, म्हणून तिच्यावर प्रवचन नको, नियम हवा : दरवर्षी ठरावीक पुस्तके फाटणार, हरवणार हे गृहीत धरून शाळा व्यवस्थापन समितीने त्यांचे निर्लेखन करावे. पुस्तके वापरासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा १९३१ मधला पहिलाच नियम. पाने सुटलेला ‘किशोर’ मासिकाचा अंक कुणीतरी वाचलेला असतो, कोरा करकरीत अंक हीच खरी नासाडी.

पुस्तके कशाला, मोबाइल आहे की, असेही म्हणतात. पण घरातला एकच मोबाइल बापाबरोबर कामावर जातो, आणि हाती आलाच तर त्यावर वाचन क्वचितच होते. परभणी जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची शाळा तर कित्येक महिने सुटते. त्यांच्या नावावर निघण्यापूर्वीच तीन-चार पुस्तके चढवावीत, पाथरीतल्या उर्दू शाळांच्या मुलांना उर्दूतली, आणि परत आणण्याची तारीख टाकावी साखर कारखान्याचा पट्टा पडल्यानंतरची, म्हणजे गाळप संपल्यानंतरची.